खोक्यातला हेमराज

कूलरचं खोकं. सीताबर्डीहून रिक्षात आडवं टाकून आणलं,
ब्लेडनं खिडकी कापली, खिडकीला कागदाचे पडदे,
आणि आत, गुडघे छातीशी घेऊन, हेमराज,
आमचा इंटर्न. सव्वापाच फुटांचा प्रोसेसर.

मेडिकलच्या ओपीडीत, सिकलसेलच्या रांगेपाशी
ते उभं केलं. मे महिना. पंखा होता, फिरत नव्हता.
मी म्हटलं, ही टोकनची मशीन आहे असं समजा.
समजायला त्यांना माझ्याहून कमी वेळ लागला.

पहिल्या आल्या भागरथाबाई गजभिये, कामठीच्या पल्याडून,
सोबत मुलगी सुकेशिनी, नववीतली, ओठ सुकलेले.
नाव. वय. गाव.
हेमराज आतून कागद सरकवत राहिला.
चौथ्या पडद्यावर बोट थांबलं.
हिरवं 'पुढे', लाल 'रद्द करा'.
बोट हवेतच.
मागे जायचंय ना, मग लाल दाबा, मी म्हणाले
आणि वहीत लिहिलं: वापरणारी गोंधळली.
"नाई बाई. रद्द दाबलं तं नाव कटते.
राशनचं कटलं होतं असंच. तीन वर्सं फिरलो."

वहीतलं वाक्य खोडलं.
खोडताना पान फाटलं थोडं.

दुखणं किती, हे विचारायला मी पाच चेहरे काढले होते,
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, ओळीनं,
रात्रभर जागून, प्रतापनगरच्या गच्चीवर.
सुकेशिनीनं पाचही पाहिले, दुकानात टिकल्या पाहाव्या तसे.
"यातलं कोनीच नाई."
मग पेन मागितला. एक पाय काढला, एक पाठ,
पायाच्या हाडात बारीक पीळदार रेघा.
"इथं कोनी सुतळी पिळून रायलं असं वाटते.
तोंड तं आई पाहते म्हनून सरळ ठेवा लागते."
आई तेव्हा खिडकीतून हेमराजला बघत होती.
"घाम फुटला पोट्ट्याले. मशीनले पाणी पाजा आधी."

दुर्योधन रामटेके, बावीस वर्षं या दारात हाका मारणारे,
लांबून पाहत होते. मशीन आल्यावर आपलं काय,
हे त्यांनी विचारलं नाही. जवळ येऊन खोक्याला टिचकी मारली.
आतून हेमराज म्हणाला, "हो?"
रांग हसली. दुखत होतं तेही हसले.
मग ते बाकावर टेकले आणि सांगू लागले,
नंबर पुकारला की माणूस येते, असं नसते.
दुखणं उठलं की तो निंबाखाली जाऊन आडवा होते,
नंबर इकडं निघून जाते.
"मी जाऊन उठवतो. कोन कुठं पडला असन, मले मालूम रायते.
हे लिवा तुमच्या मशीनीत. निंब."

मी लिहिलं, निंब.
त्याला कुठलं बटण द्यायचं, अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी खोक्याची घडी घालायला घेतली
तर डाव्या अंगाला, खाली, लेकराच्या उंचीवर,
बॉलपेननं गिरवून गिरवून काढलेला एक गोल
आणि गोलात अक्षरं: कोनाले तरी बलाव.
कोणी काढलं, मी विचारलं.
रांग संपली होती. बाकावर केळीची सालं.
दुर्योधन हजेरी मिळवत होते, मान वर केली नाही.

आज टेंडरची बैठक. सिव्हिल लाइन्स, एसी, काचेचं टेबल.
ठेकेदाराचा माणूस यादीवर पेन टेकवून विचारतो,
हे अकरा नंबरचं बटण, मॅडम,
ही मागणी कुणाची? कागदावर सही कुणाची?
मी पिशवीतून पुठ्ठ्याचा तुकडा काढते.
काचेवर तो नीट बसत नाही, एक कोपरा वर राहतो.
तो माणूस गोल वाचतो, पुन्हा वाचतो,
आणि अंगठ्यानं दाबून पाहतो.
खरंच दाबतो.

आम्ही सगळे दाराकडे बघतो.